पोहे धुतो तसं पाणी

गेली सोळा वर्षं मी कर्वेनगरात डबे करते. पोळी, भाजी, वरण, भात आणि रविवारी एक गोड. डबे न्यायला येणारी बहुतेक पोरं बाहेरगावची, कॉलेजला नाहीतर कंपनीत. गेल्या महिन्यात त्यांतली एक मुलगी हातात चिनीमातीची कुंडी घेऊन आली. कुंडीला सोनेरी रिबन, मधोमध वाळलेला दांडा आणि खाली चांगली रुंद, चकचकीत चार पानं. "काकू, वाढदिवसाला आलं होतं. सगळी फुलं गळली. तुमच्या ओल्या कचऱ्यात टाकू का?"

मी तिच्या हातातून कुंडी अक्षरशः ओढून घेतली. त्या दिवशी डबे वीस मिनिटं उशिरा गेले, कारण मी तिला ओट्यापाशी उभं करून ऑर्किडवर भाषण दिलं. ते भाषणच इथे लिहून काढते आहे, म्हणजे पुढच्या वेळी डबे वेळेवर जातील.

माझं ऑर्किडही असंच कुणीतरी दिलेलं. २०२३च्या मे महिन्यात, आसामचा एक मुलगा शिक्षण संपवून घरी निघाला तेव्हा. दोन वर्षं माझ्याकडे जेवला होता. पहिले दोन महिने आमच्या आमटीतल्या गुळाला तोंड वाकडं करायचा, नंतर मागून घ्यायला लागला. त्याआधीच्या महिन्यात, त्यांच्या बिहूच्या दिवसांत, त्याने फोनवर बहिणीचा फोटो दाखवला होता. अंगावर त्यांच्याकडचा साडीसारखा रेशमी पोशाख, मेखला, आणि अंबाड्यात फुलांचा लांब, जांभळट पांढरा तुरा माळलेला. मी पोळी तव्यावर तशीच टाकून ओरडले, "अरे, ही तर आमची सीतेची वेणी!" तो म्हणाला, "नाही काकू, हे कपौ फूल, आमचं आसामचं राज्यफूल."

दोघांचंही बरोबर होतं. माझं माहेर आंबोली घाटाच्या खाली, सावंतवाडी तालुक्यात. आमच्या खळ्याच्या कडेच्या फणसावर पावसाच्या तोंडाशी हेच तुरे लोंबायचे आणि लहानपणी मी ते वेणीत घातलेत. सह्याद्रीत वाढणारी ही आमरी तिकडे आसामातही वाढते. आमरी म्हणजे ऑर्किडला आपला जुना मराठी शब्द, पण नर्सरीत आमरी मागितली तर माणूस तुमच्या तोंडाकडे बघत राहतो, म्हणून मीही ऑर्किडच म्हणते. तर ही गोष्ट लक्षात ठेवून पोराने जाताना मला ऑर्किड दिलं. कपौ पुण्यात मिळेना, म्हणून दुकानात जे मिळतं ते. पांढरं, मोठ्या पाकळ्यांचं, नऊ फुलांचं फॅलेनॉप्सिस. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ पतंगासारखं दिसणारं, दिव्यावर येतो तो पतंग. मूळ आग्नेय आशियातल्या जंगलांतलं, इंडोनेशियाच्या राष्ट्रीय फुलांपैकी एक याच कुळातलं आहे. आपल्याकडे भेट म्हणून कुंडीत जे ऑर्किड मिळतं ते दहांत नऊ वेळा हेच असतं.

ती फुलं ऑगस्टपर्यंत टिकली. तीन महिने! आमच्या गल्लीतल्या बायका प्लॅस्टिकची समजून हात लावून बघायच्या. मग एकेक करून गळली आणि मी नको ते सगळं केलं.

पहिली चूक म्हणजे लाड. फुलं गेली म्हणजे झाड अशक्त झालं असणार, असं समजून मी रोज वाटीभर पाणी घालायला लागले. बाहेरच्या चिनीमातीच्या कुंडीला खाली भोक नव्हतं, त्यामुळे पाणी तळाशी साचत राहिलं. महिनाभरात पानं मऊ पडली, त्यांच्यावर सुरकुत्या आल्या. मला वाटलं तहानलंय. अजून पाणी घातलं. याच ठिकाणी बहुतेकांची ऑर्किडं मरतात. मुळं कुजली की झाड पाण्यात बसूनही तहानलेलंच राहतं आणि पानं अगदी तशीच दिसतात जशी पाणी न मिळाल्यावर दिसतात. मग आपण कळवळून आणखी पाणी ओततो.

शेजारच्या आजी म्हणाल्या ताक घाल. कोणी म्हणालं तांदळाचं धुवण, कोणी चहाचा चोथा. चोथा घातला, मुंग्या झाल्या. माहेरी भावाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तो म्हणाला, "अगो, ह्यां बांडगूळ घरात कित्याक ठेवलंस?" आमच्याकडे झाडावर जे काही उगवतं ते बांडगूळ. पण खरं बांडगूळ आंब्याच्या फांदीत मूळ खुपसून त्याचा रस पितं. ऑर्किड झाडावर नुसतं बसतं, खात काही नाही. पावसाचं पाणी, सालीच्या खपलीत साठलेला पालापाचोळा आणि हवा, एवढ्यावर त्याचं भागतं. भावाला हे समजावताना माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. ज्या झाडाची मुळं आयुष्यभर हवेत लोंबतात, त्याची मुळं मी डबक्यात बुडवून ठेवली होती.

मग एका रविवारी दुपारी वर्तमानपत्र पसरून झाड बाहेर काढलं. आत मातीऐवजी भरलेल्या शेवाळाचा चिंब गोळा, आणि त्याच्याही पोटात रोपवाटिकेतला मूळचा आणखी एक छोटा, घट्ट गोळा. तो तर काढेपर्यंत दिसतच नाही आणि सगळ्यात आधी मुळं तिथेच कुजतात. मुळं मोजली, चौदा. बोटांनी दाबून बघितली. कडक लागलं ते जिवंत. दाबल्यावर साल निघून आत दोरा राहतो ते मेलेलं. पाच उरली. कात्री गॅसवर तापवून, गार करून बाकीची कापली. कापलेल्या टोकांना दालचिनीची पूड लावली. बुरशी धरू नये म्हणून ती चांगली, पण फक्त कापल्या जागी. जिवंत मुळांवर भुरभुरली तर ती त्यांना सुकवते.

पुढचा प्रश्न कुंडी आणि भरण. नर्सरीतल्या माणसाने कोकोपीट दिलं, ते मी तुळशीत टाकलं. नारळाच्या काथ्याचा तो भुसा म्हणजे पुन्हा ओला गोळाच. भावाकडून नारळाची सोडणं मागवली. त्यांचे सुपारीएवढे तुकडे करून तीन दिवस पाण्यात ठेवले आणि रोज पाणी बदललं. पहिल्या दिवशी पाणी कोऱ्या चहासारखं निघतं. ते निवळेपर्यंत थांबायचं, कारण सोडणात क्षार असतात. दोन वाट्या तुकड्यांना एक वाटी लोणारी कोळसा. कुंडी म्हणून मिठाईचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घेतला, एक किलोचा. सळई तापवून त्याला तळाशी आणि बाजूंनी भोकं पाडली. पारदर्शकच हवा, कारण आतली मुळं दिसायला हवीत. मुळांचं का एवढं, ते आता सांगते.

ऑर्किडच्या मुळावर पांढरट, स्पंजासारखा पापुद्रा असतो. कोरडा असला की त्यात हवा भरलेली असते आणि मूळ रुपेरी दिसतं. पाणी प्यालं की तो पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग बाहेर येतो. म्हणजे झाडाला तहान लागली का, हे विचारायला कॅलेंडर नको, बोट खुपसायला नको. डब्यातून बघायचं. मुळं हिरवी असतील तर पुढे जा. रुपेरी झाली की पाणी. माझ्याकडे ते उन्हाळ्यात चार दिवसांनी येतं, पावसाळ्यात कधी दहा दिवसांनी, थंडीत आठवड्याने. तुमच्याकडे वेगळं असेल.

आणि पाणी द्यायचं कसं? पोहे धुतो तसं. कांदेपोह्यांचे जाड पोहे आपण चाळणीत घेतो, भरपूर पाण्याखाली धुतो आणि निथळत ठेवतो. भिजत ठेवले तर लगदा होतो. तसंच हे झाड सिंकमध्ये धरायचं, खालून धो धो वाहीपर्यंत पाणी घालायचं, दहा मिनिटं निथळू द्यायचं आणि मगच जागेवर. चिनीमातीची कुंडी आवडत असेल तर त्यात डबा ठेवा, पण तळाशी थेंब राहता कामा नये. डबे नेणाऱ्या पोरांना मी एवढंच शिकवते, आणि पोहे येत नसतील तर आधी पोहे शिकवते.

पाणी सकाळी घालायचं आणि पानांच्या मधोमध जो खळगा असतो त्यात साचलं तर कापसाच्या बोळ्याने टिपून घ्यायचं. जंगलात हे झाड फांदीवरून तिरकं, खाली वाकून वाढतं, त्यामुळे पाणी आपोआप ओघळतं. कुंडीत आपण त्याला सरळ उभं केलं, म्हणून ही जबाबदारी आपली. मधला कोंब कुजला तर झाड संपलं, कारण याला वाढायला तो एकच शेंडा असतो. आणखी एक, बोअरचं पाणी नको. आमच्या सोसायटीत दोन नळ आहेत. मे महिन्यात महापालिकेचं पाणी कमी आलं म्हणून पंधरा दिवस बोअरचं घातलं तर सोडणांवर पांढरी खरपुडी आणि मुळांची टोकं काळी. पावसाळ्यात मी सरळ गॅलरीत पातेलं ठेवते.

बाहेर डोकावणारी मुळं कापू नका. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी "आगाऊ वाढलीत" म्हणून सगळी छाटली होती. ती आगाऊ नाहीत, त्यांना हवेतच राहायचं असतं. कुंडीत दाबूही नका.

खत. कृषी सेवा केंद्रात एकोणीस-एकोणीस-एकोणीस मिळतं, पाण्यात विरघळणारं. एक लिटरला अर्धा ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर मोजून, साधारण पंधरा दिवसांतून एकदा, आणि तेही आधी साध्या पाण्याने मुळं ओली करून. नवीन पान किंवा नवीन मूळ वाढत असेल तरच. आजारी, मुळं नसलेल्या झाडाला खत देणं म्हणजे तापातल्या माणसाला पुरणपोळी.

पानांच्या बगलेत कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. कानाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक टिपा, आठवड्याने परत बघा. एकदा टिपून भागत नाही, अंडी राहतात.

हे सगळं केल्यावर काय झालं? काही नाही. पुढच्या अख्ख्या वर्षात दोन पानं आली. दोन! डबेवाल्या बाईला दिवसातून दोनदा निकाल बघायची सवय असते, भाजी बिघडली की दुपारी कळतं. इथे मी फेब्रुवारीत केलेल्या गोष्टीचं फळ जूनमध्ये एक पान. घरचे म्हणायचे, डब्यात कोबी लावलाय. एकदा तर मी स्वतःच फसले. २०२३च्या डिसेंबरात खालच्या पानाशेजारून हिरवं टोक निघालं. मी आसामला फोटो पाठवला, भावाला पाठवला, जिन्यात भेटेल त्याला सांगितलं, दांडा आला. आठ दिवसांनी ते टोक गोल, चकचकीत होऊन खाली वळलं. मूळ होतं.

तेव्हापासून फरक पाठ झालाय. मुळाचं टोक गोलसर, गुळगुळीत, नव्या खडूसारखं असतं आणि मागे लगेच रुपेरी होत जातं. फुलाच्या दांड्याचं टोक चपटं, जरा बाकदार, लहान मुलाच्या हातमोज्यासारखं, ज्यात अंगठा तेवढा वेगळा असतो. तो पानाच्या बगलेतून निघतो, बहुधा वरून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पानाच्या, आणि उजेडाकडे वर झेपावतो. तरीही पंधरा दिवस कोणाला सांगू नये.

खरा दांडा यायला खताची नाही, थंडीची गरज असते. दिवसाचं तापमान सतत २८-२९ अंशांच्या वर राहिलं तर हे झाड पानं काढत बसतं, दांडा धरत नाही. काही आठवडे दिवसा पंचविशीच्या आसपास आणि रात्री त्याहून चार-पाच अंश कमी मिळालं की त्याला निरोप पोचतो. पुण्याचा नोव्हेंबर-डिसेंबर यासाठी छान. दिवाळी झाली की माझं झाड आत, दिवाणखान्यातल्या सावलीला, आणि संध्याकाळी पूर्वेच्या गॅलरीत. पारा अगदी बारा-तेरापर्यंत उतरतो त्या रात्री मात्र पुन्हा आत, तेवढी थंडी त्याला सोसत नाही. सकाळचं कोवळं ऊन नऊपर्यंत चालतं. पान गर्द काळपट हिरवं असेल तर उजेड कमी पडतोय. कच्च्या कैरीचा रंग आला की समजायचं, बरोबर आहे.

डोंबिवलीच्या माझ्या नणंदेकडे असंच झाड आहे, माझ्यापेक्षा धष्टपुष्ट, आठ पानं, आणि तीन वर्षांत एक दांडा नाही. तिची काळजी कमी नाही, डोंबिवलीची थंडी कमी. मी सुचवलं, महिना-दीड महिना झोपायच्या खोलीत ठेव, रात्री एसी असतोच, फक्त त्याच्या थेट झोतात नको आणि दिवसा खिडकीपाशी उजेडात आण. नंदोई म्हणाले, "मला सांगते बिल वाढतंय, चोवीसच्या खाली आणू नका, आणि झाडाला एसी?" बघू या वर्षी कोण जिंकतं.

माझा खरा दांडा २०२४च्या डिसेंबरात आला. रोज किंचित. दांडा कोवळा असताना काकडीसारखा मोडतो, म्हणून खराट्याच्या दोन हिरांना दोऱ्याने बांधून आधार केला आणि केसांच्या छोट्या चापाने दांडा त्याला अडकवला. या दिवसांत कुंडी फिरवायची नाही. कळ्या उजेडाकडे तोंड करून बसतात, तुम्ही रोज फिरवलीत तर एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पहिलं फूल उमललं. एकूण सात. दुकानातून आली होती तेव्हा नऊ होती, पण ती नऊ माझी नव्हती.

आता त्या मुलीच्या मूळ प्रश्नाकडे. फुलं गळल्यावर दांड्याचं काय करायचं? नीट बघा, दांड्याला उसासारखी पेरं असतात आणि प्रत्येक पेरावर त्रिकोणी खपलीखाली एक डोळा. दांडा पिवळा-तपकिरी पडला असेल तर त्यात जीव नाही, अगदी बुडाशी, बोटभर ठेवून कापा. हिरवा असेल आणि झाड दणकट असेल, म्हणजे चार-पाच कडक पानं आणि भरपूर मुळं, तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर नखभर अंतरावर कापा. त्या डोळ्यातून बाजूची फांदी फुटते आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा फुलं येतात, जरा लहान. मी मे महिन्यात तसं कापलं, जुलैअखेर चार फुलं आली. पण त्या वर्षी पान एकच आलं. म्हणून पुन्हा तसं कापायचं नाही, असं ठरवलंय. झाड अशक्त असेल तर हिरवा दांडाही बुडाशीच कापावा. बाळंतिणीला कोणी लगेच पाणी भरायला लावत नाही.

कधीकधी डोळ्यातून फुलांऐवजी छोटं रोपच निघतं. हवाई बेटांच्या भाषेतला केइकी म्हणजे लेकरू, हा शब्द त्यासाठी सगळीकडे वापरतात. माझ्याकडे अजून आलेलं नाही.

आणि भरण बदलायचं ते फुलं संपल्यावरच, फुलं असताना झाड उपटू नये. सोडणं दोन वर्षांत कुजतात, म्हणून या सप्टेंबरात मी पुन्हा बदलली. या खेपेला मुळं मोजली तर एकवीस. भावाने सोडणांच्या पोत्याबरोबर वादळात पडलेल्या फांदीवरची सीतेची वेणी पाठवली आहे. उभ्या झाडावरची काढू नको, असं बजावलं होतं. आधीच कमी झालीत. ती मी लाकडाच्या तुकड्याला बांधून गॅलरीत टांगली. फुलेल की नाही हे जूनमध्ये कळेल. आसामच्या मुलाला फोटो पाठवला तर त्याने उलट त्याच्या अंगणातल्या सुपारीवरच्या कपौचा पाठवला, पानं तंतोतंत तीच.

त्या डबेवाल्या मुलीचं झाड सध्या माझ्याकडेच आहे, शेवाळ काढून, श्रीखंडाच्या डब्यात. सात मुळं शाबूत निघाली. परीक्षा झाली की घेऊन जाईन म्हणते.

आणि काल सकाळी पाणी घालताना माझ्या झाडाच्या तिसऱ्या पानाच्या बगलेत एक हिरवं टोक दिसलंय. जरा चपटं वाटतंय. घरात अजून कोणाला बोलले नाही.